शिवपुत्राचा वार

दगड खोटा न्हाय सर, अन् तुमचा फोनबी खोटा न्हाय. बसा, बसा — चहा टाकलाय तिनं, येईलच. बारवेच्या दगडावर तारखेबरुबर सोमवार कोरलाय अन् त्याच तारखेला फोन म्हणतोय मंगळवार, एवढंच ना? तीनशे वर्षांमागची गोष्ट — पहाटं मुहूर्त धरून बसवला असंल दगड. फोनचा वार बदलतो रातच्या बाराला, आमचा सूर्य उगवल्यावर, अन् मशिदीतल्या मौलानांचा दिवस मावळला की. मग एकाच पहाटंला दोन वार, दोन्ही खरे. निजाम गेला, त्याचे आजूर-बहमन महिने गेले, तारखा ज्यानं त्यानं आपापल्या लावल्या — पण सात वारांची रांग कुणाला मोडता आली न्हाय. हसताय व्हय? हसा. म्या सातवी नापास, त्यात थापाड्या — शनिवार हाय म्हणून महांतप्पाला रविवारी बँकेत धाडला, कुलपापुढं तासभर बसला बिचारा, अजून बोलत न्हाय माझ्याशी.

पण एक इचारू? आत्ता नागूबाईनं तुम्हाला तारीख दिली ना — आमच्या शिवपुत्राच्या जन्माची, चार सप्टेंबर शहाऐंशी — वार काढून ठेवा म्हणली अन् आत गेली. काढलात? दावा की. … गुरुवार. व्हय. ठाऊक हाय मला. लई वर्षांपास्नं ठाऊक हाय.

तिला सांगू नका. न्हाय, ऐका तर — पोरगं झालं पहाटं, उजाडायच्या आधी. सुईण म्हणली बुधवार, हिनं बुधवार धरला. लेकाच्या वारी आईनं डोक्यावरनं न्हायचं न्हाय — तुमच्यात पाळत न्हाईत? आमच्यात पाळत्यात, लेकाचं आयुष्य घटतं म्हणं. सण असू दे, लगीन असू दे, बुधवारी हिच्या केसाला पाणी लागलं न्हाय. म्या चेष्टा करायचो — लेकाला मिशा फुटल्या, आता तरी न्हा गं बाई. अन् मग शिवपुत्र रानात मोटर चालू करायला गेला, गवतात तुटकी वायर — तीन वर्षं झाली. त्या सकाळी ही न्हाली व्हती. अंगणात केस वाळवत बसली व्हती, तवा माणसं आली सांगाया. गुरुवार व्हता.

आता कळलं, तुमच्या हातात काय हाय ते?

समजावून सांगू म्हणता — सूर्य उगवला नव्हता, म्हणून बुधवारच खरा? ऐकंल की ती. मान हलवंल. अन् तुम्ही गेल्यावर, मरस्तोवर, मला एकच इचारंल — पण फोन गुरुवार म्हणला का? तीनशे वर्षांमागच्या दगडाला चालतंय हे शास्त्र, सर. आईला न्हाय चालत.

माझं काय इचारता — म्या असलं काय मानत न्हाय. मानलं असतं तर… आता बुधवारी दाढी करत न्हाय, एवढंच. गेलेल्या लेकापायी कसलं आयुष्य राखायचं, मलाबी कळत न्हाय. तिला ठाऊक न्हाय हे. तुम्हाला कशाला सांगितलं, कुणास ठाऊक.

आली ती. फोन खिशात घाला. माझ्याकडं बघू नका, तिच्याकडं बघा.

ये गं. काढलाय सरांनी वार.

सांगा, सर.