रोल नंबर एकतीसचे दोन क्रेडिट

समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या संस्थेचे प्रमुख माननीय ओमप्रकाशजी, प्राचार्य डॉ. शेखर काळमेघ, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, शेषरावांसह कार्यालयातली सगळी मंडळी आणि मागच्या रांगांत जेवणाची वाट पाहत बसलेले माझे विद्यार्थी,

तेहतीस वर्षांनी आज मी निवृत्त होते आहे. प्राचार्य आत्ताच म्हणाले, या डेंटल कॉलेजात ऐच्छिक विषय आणि क्रेडिट पद्धत मॅडमनी आणली. खरं आहे. चार वर्षं भांडून आणली. पण आल्यावर तिचं काय झालं, ते कौतुकाच्या ओघात राहून गेलं. मी सांगते.

विद्यार्थ्याने मनाजोगता विषय निवडायचा, चाळीस तास काम करायचं, दोन क्रेडिट मिळवायचे. एवढी साधी गोष्ट. आणि नोटीस बोर्डावर यादी काय लागली? रोल नंबर एक ते पंचवीस, तंबाखूचे मुखरोग. सव्वीस ते पन्नास, स्माईल डिझाईन, म्हणजे हसू देखणं करायचं शास्त्र. मी शेषरावांना विचारलं, "अहो, ही निवड केली कोणी?" म्हणाले, "मॅडम, पोरायनं निवडलं असतं तं समदे एकाच खोलीत बसले असते. मंग बाकी खुर्च्या कायले?"

खुर्च्यांची सोय झाली. विद्यार्थ्यांची?

रोल नंबर एकतीस म्हणजे पातूरची दामिनी. यादी पाहून सरळ माझ्याकडे आली. "मॅडम, माह्या मायचं तोंड एकच बोट उघडते. मले स्माईल डिझाईन कावून शिकवून राहिले?" तिची आई मैनाबाई बाजारात भाजी विकते. वीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला. तीन बोटं मावतील एवढं उघडायला हवं ते तोंड एका बोटावर आलं. भाकर दुधात कालवून गिळायची.

मी म्हटलं, जा, तंबाखूचाच विषय घे, आपल्या गावात काम कर. जबाबदारी माझी.

ती पातूरच्या बाजारात चाळीस नव्हे, सत्तर तास बसली. बायकांची तोंडं तपासली. दोघींच्या गालातल्या जखमा बऱ्या दिसेनात, त्यांना हाताला धरून आपल्या ओपीडीत आणलं. आईला कुल्फीच्या काड्यांची जुडी दातांत धरून व्यायाम शिकवला, दर आठवड्याला एक काडी जास्त. मी गेले तेव्हा मैनाबाई म्हणाल्या, "दोन बोटं जातात आता, डॉक्टरीणबाई. नवऱ्याले शिव्याबी बराबर देता येतात!"

हसा, हसा. आता कॉलेजचा शेरा ऐका : 'नेमून दिलेल्या ऐच्छिक विषयात अनुपस्थित.' नेमून दिलेला ऐच्छिक! दोन क्रेडिट कमी, म्हणून तिची इंटर्नशिप अडली. बरोबरीची मुलं रोज रुग्ण पाहतात, ही तीन आठवडे घरी बसून आहे.

प्राचार्यसाहेब, तुम्ही म्हणालात, एकीला दिलं तर उद्या सगळेच मागतील. मागू द्या ना! नाहीतर पद्धत आणली कशासाठी?

अमरावतीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिकवायच्या, काही हवं असेल तर हात वर करा. हात खाली कधी घ्यायचा, ते मी शिकलेच नाही. समोरच्या तबकात शालीखाली दामिनीचा दोन क्रेडिटसाठीचा अर्ज आहे. विभागप्रमुख म्हणून माझी सही सकाळीच केली. उद्यापासून माझ्या सहीला किंमत नाही. दुसरी सही तुमची, प्राचार्यसाहेब. शाल मी त्यानंतरच घेईन.

तेहतीस वर्षं माझी जीभ सोसलीत, त्याबद्दल सर्वांची मनापासून आभारी आहे. बोलताना कुणाला लागलं असेल, मानपानात कमीजास्त झालं असेल, तर मोठ्या मनाने माफ करा. दामिनीला 'जा' म्हटलं, त्याची मात्र माफी मागत नाही.

हे माझं पेन, साहेब. सावकाश वाचा. मी उभी आहे, आणि जेवण सहीनंतर आहे.