रोलरपुढचा दांडा

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या लॉन्ड्रीचे मालक, व्यासपीठावरचे मॅनेजरसाहेब, युनियनचे सेक्रेटरी, आमचे मुकादम, आणि समोर टेबलांवर, टोपल्यांवर, जागा मिळेल तिथं टेकलेल्या माझ्या बहिणींनो आणि भावांनो,

घड्या घालायच्या या हॉलमध्ये मी आज पहिल्यांदाच खुर्चीवर बसले. एरवी इथं बसलेली बाई दिसली की मुकादमांच्या पोटात दुखायचं. हसा, हसा, आज ते काही बोलायचे नाहीत.

सगळे माझ्याबद्दल भरभरून बोलले. मॅनेजरसाहेब तर म्हणाले, मावशी म्हणजे लॉन्ड्रीचा उजवा हात. साहेब, तोच तर रोलरमध्ये गेला! रागावू नका, म्हातारीची जीभ आहे, घसरते.

पण मघापासून मी अवघडून का बसले होते? एवढं कौतुक घशाखाली का उतरत नव्हतं? कारण माझ्या जोडीदारणीला आजचं बोलावणं नाही.

बाहेरची पाहुणेमंडळी आहेत, म्हणून सांगते. हॉस्पिटलची मोठी चादर इस्त्रीच्या गरम रोलरमध्ये घालायला दोघी लागतात. एकीनं डावं टोक धरायचं, दुसरीनं उजवं. एकीनं ओढलं नि दुसरीनं ढील दिली, की चादर तिरकी गेलीच. जोडीदारणीचा श्वाससुद्धा ओळखू येतो. नवऱ्याशी काही माझं इतकं जमलं नाही. समोरच बसलेत, विचारा. माझी जोडीदारीण म्हणजे लवंगी. अंगानं एवढीशी आणि जिभेनं तिखट, म्हणून सगळे लवंगी म्हणायचे.

रोलरच्या तोंडाशी एक आडवा दांडा असतो. बोटं फार पुढे गेली की दांड्याला लागतात आणि मशीन आपोआप थांबतं. पण ओल्या चादरीचा धक्का लागला तरी ते थांबतं, आणि मग ढीग तुंबतो. म्हणून दांडा वर बांधून ठेवायची आपली रीत. अभ्र्याची नाडी घ्यायची, गाठ मारायची आणि तपासणीवाले आले की सोडायची. नव्या बाईला आपण घडी नंतर शिकवतो, गाठ आधी.

त्या दिवशी गाठ लवंगीनं मारली. "बांधा गं दांडा, गाडी खोळंबलीय," असं मुकादम म्हणाले, तेव्हा मी शेजारीच उभी होते. पुढे माझा हातमोजा चादरीच्या काठात अडकला. बाकीचं सांगत नाही, इथं चहा व्हायचाय.

भरपाईची वेळ आली तेव्हा कंपनी म्हणाली, दांडा या बाईनंच बांधला, चूक तिची, मग भरपाई कसली? माझ्या बाजूनं एकटी लवंगी उभी राहिली. म्हणाली, "तिनं नाही, मी बांधला. आणि मुकादम रोज सांगतात म्हणून बांधला." कंपनीनं तिचं अर्धंच बोलणं ऐकलं, 'मी बांधला' एवढंच. मला भरपाई मिळाली आणि तिची नोकरी गेली.

मला तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि मुकादम काय म्हणाले होते ते मी आपण होऊन सांगितलं नाही. घरचे म्हणाले, पैसे हातात पडेपर्यंत गप्प राहा. पैसे पडले. मग पुढे कशासाठी गप्प राहिले? त्या पैशातून मुलीच्या घराला लागून मला खोली बांधली. लवंगी बघायला आली. म्हणाली, "खिडकी छान घेतलीस गं. उजेड येतो." एक वाकडा शब्द नाही. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर मी सुखानं झोपले असते. आता त्या खोलीत माझं मन लागत नाही, लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात कामगार कोर्टात तिची सुनावणी आहे. दांडा तिनं मनानं बांधला की सांगण्यावरून, यावर तिची नोकरी ठरणार. मी जाणार आहेच. पण माझं कोण ऐकणार? कंपनीचे वकील म्हणतील, हिला उपकार फेडायचेत. आज कामावर असलेलं माणूस हवं.

मुकादम, बसा. तुमच्याही डोक्यावर कुणीतरी होतंच, ते मी काढत नाही. मी फक्त या हॉलला विचारते. दांडा बांधायला ज्यांना ज्यांना सांगितलं गेलं, त्यांनी हात वर करा. हा घ्या पहिला माझा, उरलाय तेवढा.

खाली काय बघताय? फरशीच्या भेगा मलाही पाठ आहेत. तुमच्यासारखीच मी तिकडे बघत राहिले.

कोण ते मागं? बाई, तुम्ही? अहो, तुम्हाला तर लवंगीच्याच जागेवर घेतलंय. ती परत आली तर तुम्हाला जावं लागेल. कळतंय ना तुम्हाला? तरी हात वर?

मालक, या समारंभाबद्दल, फुलांबद्दल आपले सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर पोटात घाला. लवंगीची माफी मात्र इथून मागून भागणार नाही. मी चहाला थांबत नाही, तिच्या घरी जाते. एकटीनं तिला तोंड दाखवायचा धीर होत नाही. बाई, तुम्ही येता का माझ्याबरोबर?