एकच ओळ जाड

यवतच्या थांब्यावर माझ्या शेजारी एक आजोबा आणि त्यांची नात मोबाईलवर आपल्या घोंगड्यांची नवी वेबसाइट बघत होते.

“आबा, वरची एकच ओळ जाड फॉन्टात ठेवलीय. बाकी सगळं साधं.”

“सगळंच जाड कर की. फ्लेक्सवर कसं लांबनं दिसतंय!”

“सगळंच जाड केलं तर काहीच दिसायचं न्हाई.”

“असं कुठं असतंय व्हय?”

“तुम्ही मेंढरं राखायचा, तवा घंटी किती मेंढरांच्या गळ्यात बांधायचा?”

“एकाच. म्होरक्याच्या. सगळ्यांना बांधली तर म्होरं कोण हाय, कसं कळायचं?”

“मंग?”

“...बरं. काय लिहिलंयस त्या ओळीत?”

“तुमचं नाव. हरिबा घोंगडीवाले.”

“पूस ते. जन्मभर लोकर तुझ्या आज्जीनं कातली. अनसाबाई लिही.”

“आन् तुमचं?”

“माझं राहू दे बारीक. कळपात.”