मेविसच्या भिंतीतलं भगदाड

“...आणि ते भगदाड मेविसच बुजवून घेतेय, पण थेल्माला त्यातलं—”

एवढंच कानावर पडलं, मी पोस्टाचं दार लोटलं, घंटा किणकिणली, आणि काउंटरमागच्या ग्लेनिसनं वाक्य तिथंच गिळून तिकिटं सारखी करायला घेतली. आता थेल्मा म्हणजे मी. गावात दुसरी थेल्मा नाही. होती एक, ती लेकीकडं हॅलिफॅक्सला राहायला गेली. मग ते उरलेलं वाक्य कुणाचं? माझंच ना? मी विचारलं, पुढं काय गं? तर ही मान खाली घालून म्हणते, “पुढं काही नाही, दोनच पाकिटं ना तुझी?”

तुम्हाला सांगते, पाकिटं काउंटरवरच राहिली माझी. कारण ते भगदाड म्हणजे काय साधं भगदाड आहे? माझी बाग आणि मेविसची बाग यांच्यामध्ये दगडी भिंत आहे, माझ्या डोक्याच्याही वर हातभर. माझ्या बाजूनं तिच्यात ओळीनं तीन कोनाडे. जुन्या काळी त्यात मधमाश्यांची घरं, म्हणजे गवताच्या विणलेल्या टोपल्या, ठेवायचे, वारा लागू नये म्हणून. आणि आमच्या यॉर्कशरच्या डोंगरातली रीत अशी, की घरात कुणी गेलं, कुणाचं लग्न ठरलं, की आधी कोनाड्यापाशी जाऊन माश्यांना सांगायचं. नाही सांगितलं तर माश्या रुसायच्या, उडून जायच्या. आता माश्या गेल्या, पण मधल्या कोनाड्याच्या पाठीतले दोन दगड एका हिवाळ्यात निखळले, पावाच्या लादीएवढी आरपार वाट झाली, आणि बावीस वर्षं मी आणि मेविस त्यातून बोलतोय. चहाचे कप तिथून, आल्याचा केक तिथून, ग्लेनिसच्या दुसऱ्या लग्नाची बातमी तिथून. माझा नवरा आल्बर्ट गेला त्या सकाळी मी मुलाला फोन करायच्या आधी तिथं गेले. मेविसनं पीठ लागलेला हात तेवढा इकडं केला, आणि मी तो धरून उभी राहिले, किती वेळ कोण जाणे...

आणि ती बाई ते बुजवतेय! आणि मला पत्ता नाही! अहो, माश्यांना सांगायचे, मला नाही सांगितलं!

आता हे कशावरून निघालं, ऐका. इस्टरच्या सुमाराला ते प्रॉक्टर आले, निवृत्त मास्तर, कौन्सिलसाठी जुन्या भिंतींची नोंद करत गावोगाव हिंडतात. मी म्हटलं, बसा, चहा घ्या. त्यांनी छापील कागद काढला. हा आकार कोणता, योग्य शब्दावर खूण करा. आणि शब्द किती! आमच्या इंग्रजीत पोकळीला एक शब्द असेल तर शपथ. चर्चमध्ये संताची मूर्ती उभी करतात ती निश. हॉटेलात टेबल घालून नवरा-बायकोला कोंबतात ते अल्कोव्ह. किटलीला पोचा आला तो डेंट, सुतारानं पटाशीनं ओढली ती ग्रूव्ह, झाड आतून कुजलं की हॉलो. आणि अगदी शेवटी, तळाला, उंदीर पोखरतो ते... होल.

मी पंधराव्या वर्षी शाळा सोडून गिरणीत गेले. मास्तरसमोर बसून ‘होल’वर खूण करू? माझ्या भिंतीला उंदराच्या ओळीत बसवू? मी चष्मा पुसला आणि रुबाबात ‘रिसेस’वर, म्हणजे भिंतीत मुद्दाम आत घेतलेल्या जागेवर, खूण केली. खाली विचारलं होतं, आरपार आहे का? आरपार म्हटलं की पुन्हा होलच, म्हणून मी लिहिलं, नाही, दोन दगड तेवढे पडलेत. मास्तर म्हणाले, फार नेमकं बोलता हो तुम्ही. महिनाभर पोस्टात मी तेच सांगत होते सगळ्यांना, अगदी ब्रेड घ्यायला आलेल्या पाहुण्यांनासुद्धा.

असो. पोस्टातून मी तडक कोनाड्याशी. पलीकडं कात्री चालू होती.

“मेविस, बुजवतेयस म्हणे?”

कात्री थांबली. “कौन्सिलचं पत्र आलंय, थेल्मा. भिंत माझ्या नावावर ना. तीन आठवडे झाले.”

तीन आठवडे! म्हणजे एकवीस सकाळी ही माझ्याशी परसातल्या रूबार्बच्या भाजीवर बोलली, स्वतःच्या गुडघ्यावर बोलली, आणि पत्र एप्रनच्या खिशात! माश्यांना सांगायचे हो, मला नाही सांगितलं!

“मी त्यांना म्हटलं होतं,” ती म्हणाली, “भगदाड आहे, तसंच राहू द्या. त्यांच्या नियमात भगदाड तसंच ठेवता येतं. पण ते म्हणाले, शेजारच्या बाईंनी रिसेस लिहिलंय. रिसेसला पाठ लागते. मग दगड परत बसवायलाच हवेत.”

मी कोनाड्यात तोंड घातलं.

“मग मला का नाही सांगितलंस?”

“कशी सांगणार गं? तू त्या शब्दावर किती खूश होतीस.”

म्हणजे ग्लेनिसचं खरं होतं, पण अर्धं. बुजवत होती मेविस, बुजवलं मी. तरी सांगायला नको होतं? मी रडले असते, भांडले असते, नवीन कागद मागवला असता... तिनं दगड बसवायला सही करून टाकली आणि माझी खुशी सांभाळली. असली खुशी काय चाटायचीय?

मंगळवारी गवंडी आला. दोन दगड, चुन्याचा एक थापा, पाऊण तासात काम खलास. मी स्वयंपाकघरात पाठ करून बसले होते.

आता मला मेविसकडं जायचं तर पुढच्या फाटकानं बाहेर पडून, चढ चढून, दार वाजवून जावं लागतं. बावीस वर्षांत तिच्या पुढच्या खोलीत मी कधी टेकले नव्हते. परवा टेकले. आणि तुम्हाला सांगते, त्या खिडकीतून काय दिसत नाही! बसथांबा दिसतो, पोस्टाचं दार दिसतं, कोण काय घेऊन निघालं ते दिसतं, ग्लेनिसचा नवरा दुपारी दोनला कुठं वळतो तेही दिसतं. आणि मला बावीस वर्षं भगदाडातून तिचं अर्धं तोंड आणि रूबार्ब! हेसुद्धा तिनं कधी सांगितलं नाही!

मी अजून रागावलेलीच आहे तिच्यावर. रोज रागावते. अकरा ते साडेबारा, तिच्याच खिडकीत बसून.