कॉम्प्युटरसाठी लावलेला कूलर

कूलरचा विषय निघाला म्हणून सांगतो. अंबरपेठच्या घरी आमचा पहिला कॉम्प्युटर आला, तो मे महिन्यात तापून सारखा बंद पडायचा. माझ्या बायकोचा, सुधाचा, अख्खा प्रबंध त्यात होता, म्हणून मी कूलर त्याच्याशेजारी आणून लावला.

एका दुपारी टाईप करताना कूलर जवळ ओढायला तिने पत्र्याला हात लावला आणि हात तिथेच चिकटला. डोळे माझ्यावर खिळलेले, पण तोंडातून आवाज फुटेना. मी धावलो, तसे शेजारचे रशीदभाई दारातून ओरडले, "छूना नक्को, पहले मेन बंद करो."

मी मेन स्विच बंद केला आणि सुधा कोसळली. शुद्धीवर येताच तिने विचारलं, "फाईल गेली का?"

स्विचवर हात ठेवताना क्षणभर माझ्याही मनात तेच आलं होतं. तिला मी ते आजवर सांगितलेलं नाही.