घोड्याच्या पायाशी रेघ

लातूरच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट बघताना माझ्या मागं एक म्हातारे सोनार आणि कॉलेजातली एक मुलगी बोलत होते. मुलीच्या मोबाईलवर जुन्या नाण्यांचे फोटो होते.

“ही ग्रीकांची चांदीची नाणी, काका. दोन हजार वर्षांच्याही आधीची. तेव्हा एकूण किती पाडली असतील, ते आम्ही शोधतो.”

“ठसे शिल्लक हायत का?”

“नाहीत ना. पण ठशाला तडा गेला, की त्याच्या पुढच्या प्रत्येक नाण्यावर तीच रेघ उमटते. तसे ठसे ओळखून मोजायचे. बरेचसे ठसे एकेका नाण्यावरच दिसले, तर ज्यांचं एकही नाणं सापडलं नाही असे ठसे अजून कितीतरी असणार, असं धरायचं.”

“आमच्या बापाच्या ठशाला बी तडा व्हता. खंडोबाच्या टाकाचा ठसा. घोड्याच्या पायाशी रेघ यायची. लई गावच्या देवघरांत गेले ते टाक.”

“कुठाय तो ठसा?”

“मशीनचे टाक आले, तवा मोडीत घातला.”

“टाक असतील की लोकांकडं. एक जरी सापडला, तरी ठसा होता हे कळतं.”

“एकच?”

“हो, एकच पुरे.”

“परवा एक बाई घेऊन आली व्हती. म्हणली, देवाच्या घोड्याला रेघ हाय, बदलून द्या.”

“मग?”

“नवा दिला, माय. जुना आटवला.”

“तुमच्या वडलांचा आहे, हे ओळखलं नाही तुम्ही?”

“वळखलं की. म्हणून तर बापाच्या वतीनं तिची माफी मागितली.”