नाकतोड्याची तंगडी

घनसावंगीच्या स्टँडवर जीपची वाट बघत बसले होते. बाकड्यावर माझ्या शेजारी सासू, तिच्या पलीकडे सून, आणि दोघींची डोकी एकाच मोबाइलात.

"रूपाली, हा नाकतोडा अर्धाच काहून?"

"अर्धा न्हाई, आत्या. डोळा साफ ठेवला, मागचं धूसर केलं."

"तंगडी धुक्यात घातली! तंगडीशिवाय नाकतोड्यापाशी हाय काय दुसरं?"

"इतक्या जवळून काढलं की सगळंच साफ येत न्हाई. एक काहीतरी निवडावं लागतं."

"मंग तंगडी निवड ना."

"तसाबी काढलाय, हा बघा. पण ह्याच्यात तो नुसता किडा दिसतो. पहिल्यात माझ्याकडं बघून राह्यलाय."

"अन् स्पर्धेला एकच धाडायचा?"

"एकच. बाराच्या आत."

"ते म्हणतील, पोरीला फोटोच काढता येत न्हाई."

"म्हणू द्या."

"तुमच्या लग्नात त्या फोटोवाल्यानं हेच केलं. तू साफ, प्रितम साफ, अन् मागं मी नुसता जांभळा ढग. नवी पैठणी होती माझी!"

"आत्या, चार वर्षं झाली."

"त्यानंबी निवडलंच असंल मंग."

"...कोणता पाठवू, तुम्हीच सांगा."

"आण इकडं. पहिला दाखव. बघून राह्यलाय खरा मेला. हाच धाड."

"पाठवला."

"आता माझा काढ. एकटीचा. अन् मागं ही बाई कवाची कान देऊन बसलीय, तिला धूसर कर."

मी तरीही पदर नीट केला.